नावं घातलेली भांडी

परदेशी बिऱ्हाड हलवणाऱ्या शालनताईंची खोकी बंदरावर कस्टमच्या साहेबांनी अडवली. सोबत फक्त स्वतःची, वापरातली भांडीच नेता येणार होती.

"ही तर कोरी दिसतात!" साहेब गुरगुरले.

"चिंचेनं घासलीत, म्हणून. माझ्या लग्नातली आहेत. वर तारीख घातलीय, वाचा."

साहेबांनी वाचलं आणि ते जास्तच खवळले. "तांब्यावर 'दिगूमामांकडून', परातीवर 'बिवलकर मंडळींकडून'! यात तुमचं काय आहे?"

शालनताई चक्रावल्या. जुनी ठरवायला जावं, तर भांडी परक्यांची ठरत होती! तेवढ्यात त्यांना साहेबांच्या टेबलावरचं घड्याळ दिसलं.

"साहेब, यावर 'कर्मचारी संघाकडून सप्रेम भेट' लिहिलंय. हे घड्याळ कोणाचं हो?"

"माझं!" साहेब तडकून म्हणाले, आणि मग मुकाट्यानं त्यांनी शिक्का उचलला.