देवदाराच्या खडावा

सीना नदीच्या काठी साळथडी नावाचे लहानसे गाव आहे. अचल महाराज तेथे चातुर्मासापुरते म्हणून आले आणि चिंचेखालच्या ओट्यावर बारा वर्षे राहिले. चातुर्मास संपल्याचे त्यांना कोणी सांगितलेच नाही, असे गावकरी थट्टेने म्हणत.

त्या गावात सटवा कोळी नाव चालवीत असे. एकदा नावेचा गंजका खिळा त्याच्या पावलात घुसला. दिवसभर पाण्यात उभे राहण्याचा धंदा! जखम चिघळली आणि तिच्यात किडे पडले. त्या काळी जखमेत किडे पडले म्हणजे माणसाचे मागल्या जन्मीचे पाप उघडे पडले, असे लोक समजत. अशा माणसाला पंगत नाही, देऊळ नाही. गावचे वैद्य नागेशशास्त्री यांनीच निवाडा दिला आणि सटवाला वेशीबाहेरच्या झोपडीत जावे लागले. सोबत गेली ती एकटी त्याची बायको म्हाळसा.

म्हाळसा थेट महाराजांच्या ओट्यापाशी आली. शास्त्रीबुवा तेथेच बसले होते. ती लांब उभी राहूनच म्हणाली, "म्हाराज, पाय सडत चाललाय. माझा धनी वाचला पायजे. म्या हितनं हलनार न्हाई."

महाराजांनी पायातल्या खडावा काढल्या. केदाराकडून आलेल्या एका बैराग्याने त्या त्यांना दिल्या होत्या. "हे देवदार आहे, बाई. सटवाच्या पायासाठी घेऊन जा," महाराज म्हणाले.

शास्त्रीबुवा खो खो हसले. "वा! ज्याला पाऊल टाकवत नाही, त्याला खडावा!"

म्हाळसेने त्या कपाळाला लावून पदरात घेतल्या. झोपडीत पाटावर मांडल्या, हळदकुंकू वाहिले आणि तीन दिवस अन्नाचा कण न घेता नाम घेत बसली. किडे काही हटले नाहीत. चौथ्या दिवशी सकाळी महाराज अनवाणी तिच्या दारात उभे राहिले. मौज पाहायला शास्त्रीबुवाही मागून आले होते.

"पाय सडतोय आणि खडावांना कुंकू!" महाराज कडाडले. "अगं वेडे, पुजायला नव्हत्या दिल्या. फोड त्या. त्या लाकडात तेल आहे."

"गुरूच्या खडावांवर कुऱ्हाड? म्हाराज, माझा हात झडंल!"

"आणि सटवाचा पाय झडला तर चालेल?"

म्हाळसेने डोळे पुसले आणि कुऱ्हाड उचलली. घाव घालताना ती रडत होती, पण एकही घाव चुकला नाही. किती ही निष्ठा!

महाराजांनी खड्डा खणायला लावला. त्यात एक मडके पुरले. दुसऱ्या मडक्यात देवदाराच्या ढलप्या भरल्या, तोंडाला भोके पाडलेले खापर बसवले आणि ते खालच्या मडक्यावर पालथे घातले. सांधा चिखलाने लिंपून वर गोवऱ्या पेटवल्या, म्हणजे लाकडातले तेल पाझरून खाली उतरावे.

"पद्धत बरोबर आहे," शास्त्रीबुवा म्हणाले. "पण दोन खडावांचे तेल ते किती? चार थेंब! त्याने त्याची करंगळीसुद्धा भिजायची नाही."

आणि घडलेही विपरीत. आच वाढली आणि वरच्या मडक्याला काड्कन तडा गेला. फटीतून धूर येऊ लागला. आता सगळे तेल जळून जाणार! क्षणाचाही विचार न करता म्हाळसेने ओल्या चिखलाचा गोळा घेतला, निखारे सारले आणि दोन्ही हातांनी ती फट दाबून धरली.

"सोड, बये! हात भाजतील!" शास्त्रीबुवा ओरडले.

"भाजू द्या. सोडनार न्हाई म्या."

महाराजांनी फक्त डोळे मिटले. गोवऱ्यांची राख होईपर्यंत म्हाळसा जागची हलली नाही. मग तिने हात काढले. काय सांगावे! तळहातावर साधा फोडही नव्हता. आणि खालचे मडके उकरून काढले तर ते काळ्याभोर, उग्र वासाच्या तेलाने काठोकाठ भरलेले! शास्त्रीबुवांनी स्वतः बोट बुडवून पाहिले.

तेल लावताच किडे पटापट गळून पडले. महिनाभर म्हाळसा रोज जखम धुऊन तेल लावीत राहिली. खालून लाल मांस भरले, वर कातडी धरली आणि एके दिवशी सटवा स्वतःच्या पायांनी चालत चिंचेपाशी आला.

शास्त्रीबुवांनी महाराजांच्या पायांवर लोटांगण घातले. "देवदाराचे गुण मला तोंडपाठ होते, महाराज! किडे मारते, व्रण भरते... सारे ठाऊक होते."

"मग दिले का नाहीत?"

शास्त्रीबुवांची मान खाली गेली. "विटाळ होईल म्हणून. त्याचा पाय मी पाहिलासुद्धा नाही."

"आता पाहा," महाराज म्हणाले आणि बाजूला झाले.

समोर सटवा उभा होता. तो संकोचून मागे सरकू लागला, तशी म्हाळसेने त्याचा दंड धरला. "ऱ्हावा की जरा!"

शास्त्रीबुवा पुढे सरले. त्यांनी सटवाचे पाऊल दोन्ही हातांत घेतले, व्रणावरून बोटे फिरवली आणि साऱ्या गावादेखत त्यावर आपले मस्तक ठेवले.