रंगराव आण्णांची फुलं

पिंपळदऱ्याच्या बायकांनी गट करून मधमाश्यांच्या वीस पेट्या ठेवल्या होत्या. पहिला मध निघाला आणि बागायतदार रंगराव आण्णा ग्रामसभेत उभे राहिले. त्यांच्या पाच एकरांत बियाण्यासाठी लावलेला कांदा फुलला होता.

"माशा तुमच्या, पण फुलं माझी. निम्मा मध मला द्या, नाहीतर पेट्या गावाबाहेर न्या."

पेट्या गेल्या तर साऱ्याजणींची वर्षभराची मेहनत पाण्यात जाणार, हे गटप्रमुख गिरजाला कळत होतं. तरी ती शांतपणे म्हणाली, "खरंय आण्णा. माशीला सातबारा वाचता येत नाही, ती कुणाच्याही रानात शिरते. आम्हीच बंदोबस्त करतो. उद्या तुमच्या सगळ्या कांद्यावर बारीक जाळी टाकून देतो. एक जरी माशी आत गेली, तर सगळा मध तुमचा."

सभेत खसखस पिकली. माशी फिरकली नाही तर कांद्याच्या फुलात बी भरत नाही, हे तिथं प्रत्येकाला ठाऊक होतं. आण्णांनाही होतं, पण मधाच्या नादात ते विसरले होते.

"मग आण्णा, जाळी कधी टाकायची?" सरपंचांनी विचारलं.

आण्णांनी घसा खाकरला. "जाळी राहू द्या. गिरजाताई, त्या पेट्या जरा माझ्या बांधाजवळ सरकवता येतील का?"