सैल बांगडी

"मी बांगड्या काढायला लावते आणि तुम्ही भरता? मग बायांनी ऐकायचं तरी कुणाचं, राहीमावशी?"

लिंबाखालच्या ओट्यावर बसून राहीमावशी काचेच्या बांगड्या मापाप्रमाणे दोऱ्यात ओवत होती.

समोर कुंदा सिस्टर उभी. वय चोवीस, परीक्षेत पहिली आलेली, टोपीला कडक खळ. कॅन्सरच्या त्या दगडी इस्पितळात बायांना शिकवायचं काम तिच्याकडे होतं. छातीचं ऑपरेशन झालेल्या बाईनं घरी गेल्यावर त्या बाजूचा हात कसा जपायचा, त्याच्या बारा गोष्टी तिनं सुंदर अक्षरात लिहून वॉर्डाच्या भिंतीवर लावल्या होत्या. बाराही तोंडपाठ म्हणून दाखवल्याशिवाय ती कुणाला एसटीत बसू देत नसे.

राहीमावशी इस्पितळालगतच्या धर्मशाळेच्या ओट्यावरची कासारीण. अकरा वर्षांमागं तिचंही तेच ऑपरेशन झालेलं. शाळेची पायरी चढली नव्हती. पण घरी निघालेली बाई तिच्या टोपलीपाशी घटकाभर टेकायची आणि एक बांगडी भरून घेऊनच उठायची.

ते दिवसच तसे होते. बायांना डॉक्टरची भीती, सिस्टरची त्याहून दुप्पट. हसू फुटायचं ते त्या ओट्यावर. आता इस्पितळ चार मजल्यांचं झालं. ओटा गेला, लिंब गेला, कुंदाताईंचे केस पिकले... पण ती दुपार त्यांना काल घडल्यासारखी दिसते.

"चांगुणा परत आलीय," कुंदा म्हणाली. "हात खांबासारखा सुजलाय. आठ बांगड्या मांसात रुतल्यात. इतके दिवस कुठं होतीस विचारलं, तर म्हणते, तुम्ही रागवाल म्हणून पदराखाली झाकला."

"बारा गोष्टी म्हटल्या होत्या तिनं?"

"एक न चुकता!"

"हं..."

"आता रुमाल गुंडाळून फोडायला गेले, तर मूठ आवळून बसलीय. हात तोडा म्हणते, पण नवरा जिता असताना चुडा फोडू देणार नाही. चारच्या गाडीनं माघारी निघालीय. आता गेली तर पुन्हा यायची नाही, मावशी. त्या हाताचं काही खरं नाही मग."

राहीमावशीनं दातानं दोरा तोडला.

"फोडताना काच लागली म्हणजे? ओरखड्याचं काही आहे का गं तुझ्या बारांत?"

चौथी गोष्ट तीच होती... त्या हाताला ओरखडासुद्धा उठू द्यायचा नाही.

"आणि ती घरी गेली त्या दिवशी मी कुठं होते?"

कुंदानं मान खाली घातली. त्याच दिवशी तिनं मावशीची टोपली ओट्यावरून उचलायला लावली होती. चांगुणा भुंड्या हातानं गावी पोचली, आणि सासूनं उंबरठ्यातच कासार बोलावून दोन्ही हात गच्च भरले.

मावशी उठली. वॉर्डात आली.

बांगड्यांचं नावही काढलं नाही तिनं. उशीवर उशी रचून चांगुणाचा हात वर ठेवला आणि खाटेच्या कडेला बसली. मग गावाकडच्या गोष्टी. म्हैस आटली का... लसणाला यंदा भाव आहे का... धाकटी चालायला लागली का...

अर्धा तास गेला. कुंदा घड्याळ बघत होती. चारची गाडी फाटकाबाहेर भोंगा वाजवून निघून गेली. चांगुणाला ते ऐकूही आलं नाही.

"साबण आण गं," मावशी म्हणाली.

फेस केला. अंगठ्याच्या मुळाशी हलकेच दाबत राहिली. सगळ्या कासारणी म्हणतात तेच म्हणत राहिली, "हात सैल सोड, माझी बाय... सैल सोड..."

एक उतरली. दुसरी उतरली. आठही निघाल्या, अखंड.

मावशीनं त्या पुसल्या आणि चांगुणाच्या दुसऱ्या हातात चढवल्या.

"चुडा इकडं मिरव."

पुढं आठ दिवस पट्ट्या बांधून सूज उतरवली. निघायच्या सकाळी कुंदा आपण होऊन चांगुणाला ओट्यावर घेऊन आली.

येता येता तिनं सुरू केलंच, "आता पुन्हा म्हण बरं. पहिली गोष्ट..."

"थांब गं," मावशी म्हणाली.

तिनं स्वतःचा पदर मागं सारला. ऑपरेशनच्या बाजूच्या हातात एकच बांगडी. दोन मापं मोठी, रंग पार विटलेला. बोटानं तिनं ती मनगटावर गरकन फिरवली.

"चूल पेटवायच्या आधी, रोज. एवढंच. मग काय करशील, चांगुणे?"

चांगुणा बांगडीकडं बघत राहिली.

"फिरली तर रानात."

"आणि अडकली तर?"

तिनं कुंदाकडं चोरून पाहिलं. "अडकली तर... त्याच दिवशी एसटीत."

"सिस्टर रागावली तर गं?"

"रागवंना का! आमच्या म्हातारीपरीस गरीबच हाय ती."

ओट्यावरच्या बाया खदखदून हसल्या. कुंदाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

मावशीनं टोपलीतून एक हिरवी, सैल बांगडी निवडली आणि कुंदाच्या हातावर ठेवली.

"आज तू भर."

कुंदानं चांगुणाचं मनगट धरलं. नाडी बघताना धरायची, तसं. गच्च. त्या पकडीत चांगुणाची बोटं आवळली गेली. एवढी मोठी बांगडी, पण अंगठ्यापाशी अडली.

"चांगुणा, हात सैल सोड ना गं..."

राहीमावशीनं कुंदाच्या मुठीवर हलकेच टिचकी मारली.

"तिनं केव्हाच सोडलाय, पोरी... आता तू सोड."