टोपीला शिवलेली शेंडी

“एक श्लोक द्या, बुवा. बाबा गप्प बसतील असा.”

“आणि तू रे? तुला बोलता येत नाही?”

त्र्यंबकाला झोंबलंच ते. मुंबईच्या सुधारकांच्या सभेत तो बोलायला उभा राहिला की टाळ्या थांबत नसत. विलायती पंडितांची पुस्तकं पालथी घातलेली. देवानं अक्कल दिलीय ती वापरायला, हे त्याचं पालुपद. आणि आता बघा, कृष्णाकाठच्या मठात विश्वंभरबुवांपुढं मांडी घालून श्लोक मागत होता!

“बाबा अक्कलबिक्कल मानत नाहीत, बुवा. गावात हल्ली कीर्तनं काय, यज्ञ काय... जो तो धर्म जागा करायला निघालाय. शास्त्रात आहे म्हटलं तरच ऐकतील.”

“काय ऐकायचंय त्यांनी?”

“अंबूचं... माझी बहीण. आठव्या वर्षी नवरा गेला तिचा. आता वयात आली. उद्या सकाळी न्हावी बोलावलाय, तिचे केस काढायला.”

बुवा सुपारी कातरत होते, ते थांबले.

“ती काय म्हणते?”

“रडते. जेवतसुद्धा नाही.”

“आणि सभेतला वाघ?”

“...मी श्लोक शोधतोय.”

बुवा बघत राहिले त्याच्याकडं. वैशाखाचं ऊन. टोपीखालून घाम ओघळून कानांवर आलेला.

“टोपी काढ की बाबा. शिजशील.”

“नको. उघडं टाकलं की डोकं ठणकतं.”

सुट्टीवर आल्यापासून घरीही हेच सांगणं. झोपतानासुद्धा टोपी!

“असं होय?” म्हणत बुवांनी हात लांब केला आणि तान्ह्या पोराची काढावी तशी टोपी अलगद उचलली.

टोपीबरोबर शेंडीही गेली.

खाली सगळं डोकं एकसारखं बारीक कापलेलं. शेंडीचा पत्ता नाही. ती होती टोपीच्या मागच्या कडेला, पक्क्या टाक्यांनी शिवलेली. बुवा असे हसले की अडकित्ता मांडीवरून घरंगळला. मग ती टोपी आपल्याच गुळगुळीत डोक्यावर चढवली आणि मान हलवून शेंडी नाचवली.

“कशी दिसते रे मला?”

त्र्यंबकाला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं.

“कापलीस कधी?”

“दिवाळीत. मुंबईला.”

“तेव्हा श्लोक कुणाकडं मागितलास?”

त्र्यंबकानं टोपीकडं हात नेला. बुवांनी डोकं मागं घेतलं.

“वडिलांना ठाऊक आहे?”

“कळलं तर घराबाहेर काढतील.”

बुवांनी टोपी उतरवली. शेंडी बोटांत धरून उजेडात बघितली.

“लांब आहेत रे केस. मऊही. कुणाचे?”

खाली घाटावर कुणीतरी धुणं आपटत होतं...

“अंबूचे. आल्या दिवशी तिनंच आपल्या वेणीतले कापले, शिवून दिले. मला बोलणी बसू नयेत म्हणून.”

बुवांचं हसू कुठल्या कुठं गेलं. त्यांनी अडकित्त्यानं टाके कटाकट तोडले. केसांची बट त्र्यंबकाच्या ओंजळीत ठेवली आणि टोपी आपल्या मांडीखाली सारली.

“टोपी द्या ना, बुवा. घरी कसा जाऊ?”

“पायांनी.”

“आणि... श्लोक?”

“आधी हे जिचं तिला देऊन ये. बाबांच्या देखत. मग सांगतो.”