रुग्णशाळेचा चित्रकार

पूर्वी वेत्रपूर नगरात विजितसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याचा अमात्य होता. राजाने वाटसरूंसाठी रुग्णशाळा बांधली आणि तिच्या भिंती रंगवायला चित्रकार निवडण्याचे काम अमात्याकडे सोपवले.

दोघेजण पुढे आले. एक राणीचा भाऊ मणिभद्र, राजवाड्यात नावाजलेला. दुसरी कुंभाराची लेक कुवलया, मडक्यांवर वेलबुट्टी काढणारी.

राणीने दासीच्या हाती अमात्याकडे मोत्यांचा हार पाठवला. तो परत करीत बोधिसत्त्व दासीला म्हणाला, "हार सुरेख आहे. पण तो घेतला, तर मला दुसरे काही दिसायचे नाही."

त्याने दोघांना एकेक दालन आणि सात दिवस दिले. मणिभद्राने लगेच कुंचला उचलला. कुवलया मात्र पहिला पूर्ण दिवस रुग्णाच्या खाटेवर नुसती पडून राहिली. लोक हसले.

आठव्या दिवशी राजा आला. मणिभद्राच्या भिंतीवर युद्धाला निघालेले हत्ती होते, जणू जिवंत. राजा खूश झाला. कुवलयेच्या भिंती कोऱ्याच होत्या.

"अमात्य, ही थट्टा आहे का?" राजा रागावला. "तुमचे पद जाईल!"

"जाऊ द्या, महाराज. पण आधी दोन्हीकडे खाटेवर पडून पाहा. ही दालने उभ्या माणसांसाठी नाहीत."

राजा पहिल्या दालनात आडवा झाला आणि दचकून उठला. "हे हत्ती तर अंगावर येतात!"

दुसऱ्या दालनात तो पडला, तर छतभर वडाच्या फांद्या पसरलेल्या. एका ढोलीत पिल्लू चोच उघडून बसले होते आणि दूरवरून त्याची आई घास घेऊन येत होती. राजा बराच वेळ उठला नाही.

"ती पोहोचेल ना?" त्याने हळूच विचारले.

"आजाऱ्याला असेच वाटावे, महाराज," कुवलया म्हणाली. "म्हणजे तो उद्याची वाट पाहील."

राजाने तिला रुग्णशाळा दिली. मणिभद्राची मान खाली गेली. बोधिसत्त्व त्याला म्हणाला, "तुमचा हात उत्तम आहे, जागा तेवढी चुकली. नगराचे महाद्वार तुम्ही रंगवा." मणिभद्राने ते असे रंगवले, की परदेशी व्यापारी थबकून पाहत.

एवढे सांगून शास्ता भगवान म्हणाले, "भिक्षूंनो, त्या वेळचा राजा म्हणजे आजचा भिक्षू सुदन्त, मणिभद्र म्हणजे भिक्षू वप्रक, कुवलया म्हणजे रुग्णांची सेवा करणारी भिक्षुणी सोमिला, आणि तो अमात्य मीच होतो. ज्याच्यासाठी काम करायचे, त्याच्या जागी जाऊन जी पाहते, ती प्रज्ञा."