घमाजीची आवराआवर

नदीपलीकडच्या गावात पसाऱ्याला पसारा म्हणत नाहीत, ‘घमाजीआवर’ म्हणतात. म्हणजे आवरायला जावं आणि होतं नव्हतं ते विस्कटून बसावं. शब्द कुठनं आला म्हणता? ऐका तर.

त्या गावात घमाजी नावाचा एक भोळा गडी होता. बिचाऱ्याचं लग्नच जमेना. मुलीकडचे घर बघायला येत आणि पसारा बघून चहा न घेताच उठत. अखेर एक स्थळ सांगून आलं.

आई म्हणाली, "घमा, पाहुणे यायच्या आत आवर बाबा. सारखं सारख्यापाशी ठेव."

घमाजीनं पांढरं ते सगळं एका डब्यात ओतलं. पीठ, मीठ, साखर आणि भिंतीचा चुना.

"अरे मेल्या! सारखं दिसलं म्हणून एकत्र करतात होय? वेगवेगळं ठेवावं!"

"बरं आई. आधी सांगायचं होतंस."

मग त्याला आईच्या वहाणा दिसल्या. अगदी सारख्या! एक उंबऱ्याशी ठेवली, दुसरी गोठ्याच्या छपरावर फेकली.

आई एका पायानं लंगडत आली. "जोडीतलं एकटं ठेवू नये रे! एकटं दिसलं की जोडी लावावी, गाठ मारून ठेवावी."

"बरं आई. आधी सांगायचं होतंस."

शेवटी आईनंच घर आवरलं. मुलीचे वडील, तात्या, आले. दाराजवळच घोंगडीवर बसले. आई दारापाशी बसली. शेजारपाजार गोळा झाला.

"घर झकास आहे. पोरगी दिली समजा," तात्या म्हणाले. आईच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"हिची आई गेल्यापासून मी एकटाच बघा," तात्या म्हणाले.

"माझंही तसंच. घमाचे वडील गेले, मी एकटीच," आई म्हणाली.

घमाजीनं कान टवकारले. कपबशा उचलायच्या निमित्तानं तो मागनं गेला.

तात्या निघायला उठले. उपरण्यामागं पदर ओढला गेला, पदरामागं आई! शेजारची म्हातारी सवयीनं अक्षता शोधायला लागली.

"हे काय रे?" तात्या ओरडले.

"दोघं एकटी दिसली. जोडी लावली."

आईनं कपाळ बडवलं. "अरे, हे तुझे सासरे होणार होते!"

"आधी सांगायचं होतंस," घमाजी म्हणाला. "आता ते बाप झाले, पोरगी माझी बहीण झाली. तिच्यासाठी स्थळ आता मलाच शोधायला हवं."

आणि आईची एकटी पडलेली वहाण आणायला तो गोठ्याच्या छपरावर चढला.