हिवराचे दावे आणि बारा गाड्या

पाहुणे, पुढे जाण्याआधी वेशीजवळच्या या दोन झाडांना हात लावून बघा. काळ्या, भेगाळलेल्या सालीची ती बाभूळ आणि पांढुरक्या सालीचा तो हिवर. बाभळीची फुले पिवळीजर्द, हिवराची फिकट. काटे मात्र दोघांनाही, म्हणून शहरातली मंडळी दोन्हींना बाभूळच म्हणतात. हसू नका, आमचा पट्टीचा सुतारही एकदा फसला होता.

त्याचे नाव राणोजी. खंडोबाच्या जत्रेत बारा गाड्या एकामागे एक बांधतात, त्यांत माणसे खच्चून भरतात आणि भगत कमरेला दोर बांधून त्या एकटा ओढतो. पहिल्या गाडीचा आस, म्हणजे दोन चाकांमधला दांडा, बाभळीचाच हवा. हिवर एवढा भार सोसत नाही. आस मोडला तर सगळ्या गाड्या भगताच्या अंगावर. त्या वर्षी भगत होता बहिर्जी, राणोजीच्या बायकोचा, मैनाचा थोरला भाऊ.

ओंडके सोलून तळ्यात मुरत घालायची तेव्हा रीत होती. साल गेली की दोन्ही लाकडे सारखीच दिसत, आणि राणोजीने तशाच एका ओंडक्याचा आस घडवला. असे सांगतात, की जत्रेच्या सकाळी मैना शेळी सोडायला गेली आणि हातातल्या दाव्याकडे बघतच राहिली. त्याच ओंडक्याच्या सालीचा वाख, म्हणजे धागे, काढून तिने ते वळले होते. असा चिवट वाख निघतो हिवराचा, बाभळीचा नव्हे!

मग काय, मैना शेळीसकट धावत सुटली. हलगी कडाडत होती, भंडारा उडत होता, बहिर्जीने पाऊल उचललेच होते. ती थेट त्याच्यापुढे उभी राहिली.

"दादा, वढू नगंस. आस हिवराचा हाय."

"एवढ्या जत्रंत माझं नाक कापतीस व्हय?" राणोजी ओरडला.

तिने दावे त्याच्या हातात दिले. "हे बघा, मंग बोला."

राणोजीने दावे बोटांत चोळले म्हणे, आणि त्याचा चेहराच उतरला. त्याने स्वतः माणसे खाली उतरवली, गाडीत दगड भरले, बैल जुंपले. चार पावलांवर आस काडकन मोडला. सांगताना अजून माझ्या अंगावर काटा येतो.

दुसऱ्या दिवशी बाभळीचा आस घालून गाड्या निघाल्या. मग राणोजीने ही दोन झाडे शेजारी शेजारी लावली, पुढच्या सुतारांना फरक कळावा म्हणून.

आजही, आस लोखंडाचे झाले तरी, सुतारांची सून हिवराच्या दाव्याने शेळी धरून पहिल्या गाडीभोवती फिरते आणि वाकून आस बघते. ती "वढा" म्हणेपर्यंत भगत जागचा हलत नाही. यंदा भगत माझा धाकटा मुलगा आहे. ती वाकेल तेव्हा तिच्या शेजारी मीही वाकणार आहे.